कंडक्टरच्या पँटचं माप



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषय दिला तो ‘नोकरदारांचं आरोग्य आणि कंपन्यांचे वेलनेस कार्यक्रम’ असा. फोनवर त्यांनी हळूच एक पुस्तीही जोडली : ‘डॉक्टर, जमलं तर शेवटी चार टिप्स द्या, लोकांना आवडतात.’ टिप्स देण्याचाच मी उभा जन्म पगार घेतला. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांत कंपनीचा डॉक्टर म्हणून काम केलं. मीठ कमी खा, तंबाखू सोडा, रोज चाला, हे इतक्या जणांना सांगितलं की झोपेतही म्हणून दाखवीन. लोक ‘हो साहेब’ म्हणायचे आणि जाताना पुढच्या माणसाला आत पाठवायचे. तेव्हा आज टिप्स नाहीत. आज एका पँटपासून सुरुवात करतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकाराने माणसं जाण्याचं प्रमाण वाढत चाललं होतं आणि कारण कुणाला धड उमगत नव्हतं. जेरी मॉरिस या डॉक्टरला वाटलं, माणूस पोटासाठी काय काम करतो याच्याशी याचा काही संबंध असावा. त्याने लंडनच्या दुमजली बस निवडल्या. निवड मोठी हुशारीची होती. एकाच गाडीवर दोन माणसं, पगार आणि राहणी साधारण सारखी. फक्त एक जण पाळीभर बसलेला आणि दुसरा जिना चढत-उतरत तिकिटं देणारा. कंडक्टर एका पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचा. सुमारे ३१ हजार कामगारांच्या नोंदी तपासून मॉरिसने १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापला : कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य. दारोदार फिरणारा पोस्टमन आणि पोस्टात टेबलाशी बसणारा कारकून यांच्यातही त्याला तोच फरक दिसला. व्यायामाने हृदय चांगलं राहतं हे आज आपण शाळकरी मुलालाही सांगतो. त्याचा पहिला भक्कम पुरावा या बसच्या जिन्यावर सापडला. (आपल्या बेस्टच्या दुमजलीत वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर असत, त्यामुळे मॉरिस मुंबईत आला असता तर त्याची पंचाईत झाली असती.)

बहुतेक भाषणांत ही गोष्ट इथे संपते आणि टाळ्या पडतात. मला तिचा पुढचा भाग जास्त आवडतो. मॉरिस स्वतःच्या निष्कर्षावर संशय घेत राहिला. या बस चालवणारी लंडन ट्रान्स्पोर्ट आपल्या माणसांना गणवेश शिवून द्यायची, त्यामुळे प्रत्येकाच्या कंबरेचं माप दफ्तरी होतं. मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती मापं काढली. त्या सहकाऱ्यांत रॅफल नावाचा लंडन ट्रान्स्पोर्टचा स्वतःचा डॉक्टर होता, म्हणजे माझ्याच जातकुळीचा. १९५६ साली छापून आलेल्या त्या लेखात दिसतं की ड्रायव्हरची कंबर कंडक्टरपेक्षा मोठी असतेच, पण ती अगदी पंचविशीच्या पोरांतही मोठी असते. नुकत्याच लागलेल्या पोराला जिन्याने कुठलं बारीक केलेलं असणार? म्हणजे मुळात सडपातळ माणूस कंडक्टर व्हायला जात होता आणि जाडजूड माणूस स्टिअरिंगवर बसत होता. जिन्याने माणूस निरोगी झाला की निरोगी माणसाने जिना पत्करला? मॉरिसने पुढे बरीच वर्षं खपून हा गुंता सोडवला. बारीक, मध्यम, जाड अशा प्रत्येक गटात कंडक्टरच सरस ठरला, तेव्हा जिन्याचं श्रेय जिन्याला मिळालं. पण आधी त्याने पँट मोजली होती.

आजच्या वेलनेस कार्यक्रमांचा हिशोब मांडणारे ही पँट मोजत नाहीत, ही माझी पहिली तक्रार.

हे कार्यक्रम आपल्यापैकी नोकरी करणाऱ्यांनी पाहिलेले आहेत. एकवीस जूनला योग, महिला दिनाला स्त्रीरोगतज्ज्ञांचं व्याख्यान, वर्षातून एकदा रक्ततपासणीची गाडी, मोबाइलवर पावलं मोजणारं ॲप, ताण आला तर फोन करायला हेल्पलाइन, आणि महिनाभराचं ‘स्टेप चॅलेंज’. शेवटी एचआरचा अहवाल निघतो : ज्यांनी भाग घेतला त्यांच्या रजा कमी, त्यांचा दवाखान्याचा खर्च कमी, सबब कार्यक्रम यशस्वी. पण सकाळी सहाला उठून योगाच्या सतरंजीवर कोण येतं? जो घरीही सूर्यनमस्कार घालतो तो. त्याचा खर्च आधीपासूनच कमी असतो.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात काही अर्थशास्त्रज्ञांनी याची नीट परीक्षा घेतली. विद्यापीठाच्या ४,८३४ कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. काहींना वेलनेस कार्यक्रमाचं आमंत्रण, काहींना नाही. मग त्यांनी दोन प्रकारे हिशोब केला. पहिला आपल्या एचआरसारखा : भाग घेणारे विरुद्ध न घेणारे. कार्यक्रमाने कमाल केली असं त्यात दिसलं. दुसरा चिठ्ठ्यांप्रमाणे : आमंत्रण मिळालेले सगळे विरुद्ध न मिळालेले सगळे. त्यात औषधपाण्याचा खर्च, सवयी, कामाची हजेरी, कशातही दखल घ्यावी असा फरक उरला नाही. थोड्या जास्त लोकांनी तपासण्या करून घेतल्या आणि ‘व्यवस्थापनाला आमची काळजी आहे’ असं मानणारे थोडे वाढले, एवढंच. आणि भाग घेणाऱ्यांचा खर्च कार्यक्रम सुरू होण्याआधीच इतरांपेक्षा कमी होता. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात बीजेज या दुकानांच्या साखळीवरचा अभ्यास आला. १६० ठिकाणी मिळून सुमारे ३३ हजार नोकर. त्यातली २० ठिकाणं चिठ्ठी टाकून कार्यक्रमासाठी निवडली. दीड वर्षाने तिथले लोक ‘आम्ही व्यायाम करतो’ असं जास्त संख्येने सांगत होते. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रजा आणि खर्च मात्र जिथल्या तिथे. मनाच्या आरोग्याचंही वेगळं नाही. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांवर कामगारांची माहिती तपासली. माइंडफुलनेसचे वर्ग, ताण-व्यवस्थापन, झोपेची ॲपं, यांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा बरे निघाले नाहीत. समाजकार्यासाठी वेळ मिळाला होता त्यांना तेवढा थोडा फायदा दिसला.

यावर लगेच ‘मग बंद करा सगळं’ असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. इलिनॉयच्या प्राध्यापकाकडे स्वतःचा डॉक्टर असतो, विमा असतो. आपल्याकडच्या फाउंड्रीतल्या माणसाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा आयुष्यात पहिल्यांदा लागतो तो बऱ्याचदा कंपनीच्या तपासणीत. पस्तिशीतला धडधाकट गडी, कसलीही तक्रार नाही, आणि वरचा आकडा एकशे ऐंशी, हे मी अनेकदा पाहिलंय. गोळी वेळेवर सुरू झाली तर असा माणूस पक्षाघातातून वाचू शकतो. तेव्हा तपासणी हवीच. माझा आक्षेप तपासणीनंतर ज्या दिशेला बोट दाखवलं जातं त्याला आहे. माणूस बिघडलेला निघाला की आपण त्याला सुधारायला निघतो. त्याचं काम तपासायला कुणी उठत नाही.

एक प्रसंग सांगतो. मी ज्या कारखान्यांत काम केलं त्यांतल्या एकात वायरिंग हार्नेसच्या लाइनवर बहुतेक मुली होत्या. गावाकडून आलेल्या, दोन-दोन, तीन-तीन जणी एका खोलीत राहणाऱ्या. माझ्याकडे त्यांच्या तक्रारी यायच्या लघवीच्या जळजळीच्या, जंतुसंसर्गाच्या, क्वचित मुतखड्याच्या. मी ठरल्याप्रमाणे गोळ्या द्यायचो आणि भरपूर पाणी प्या म्हणायचो. मग व्यवस्थापनाने पाण्याची मोहीमच काढली. प्रत्येकीला कंपनीच्या नावाची स्टीलची बाटली, आणि भिंतीवर ‘दिवसाला आठ ग्लास’ असं पोस्टर. एकदा दुपारच्या चहाच्या आधी मी लाइनवर फेरी मारली. पोस्टरखाली ओळीने बाटल्या मांडलेल्या, उचलून बघितल्या तर जवळजवळ सगळ्या गच्च भरलेल्या. एकीला विचारलं. ती हात न थांबवता म्हणाली, ‘पाणी प्यायलं की जावं लागतं ना सर. जायचं तर रिलीव्हर यायला पाहिजे. रिलीव्हर एकच, ती पलीकडच्या लाइनला. आणि लाइन थांबली की सगळ्यांच्या तोंडी मी.’ स्वच्छतागृह शेडच्या दुसऱ्या टोकाला होतं, ते वेगळंच.

ही बाब उत्पादन विभागाच्या गळी उतरवायला मला बरेच महिने लागले. पोस्टरचा खर्च वेलनेसच्या खात्यात पडतो, रिलीव्हरचा पगार उत्पादनाच्या खात्यात. पहिल्या खर्चाचा फोटो निघतो, दुसऱ्यावर ‘मॅनपॉवर का वाढली?’ अशी विचारणा होते. अखेर प्रत्येक लाइनला स्वतंत्र रिलीव्हर मिळाली, आणि माझ्या ओपीडीतल्या त्या तक्रारी इतक्या कमी झाल्या की कंपाउंडरच्याही लक्षात आलं. त्या मुलींना पाणी पिण्याचं महत्त्व आधीही ठाऊक होतं.

माणसाआधी त्याचं काम सुधारावं, हे शहाणपण माझं नाही. आपल्या मुंबईत ते एकोणिसाव्या शतकापासून आहे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये गिरणी कामगारांची सभा घेतली आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापुढे नाही. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा निकामी झाल्यास पोटापाण्याची सोय. आमच्या वैद्यकीय शिक्षणात हा अर्ज कुणी वाचायला दिला नाही, द्यायला हवा होता. झोप, विश्रांती, वेळेवर जेवण, दुखण्यात आधार, सगळं त्यात आहे. आणि त्यातली एकही गोष्ट कामगाराने एकट्याने मनावर घेऊन जमणारी नाही. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी सकाळी उशिरापर्यंत लोळतो ते त्या अर्जाच्या पुण्याईवर. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेले.

मालकांतही काही जण पुढचं बघणारे होते, हे सांगितलं पाहिजे. जमशेटजी टाटांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ साली पेन्शन फंड निघाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली, कायदा नसताना. पण एका मालकाच्या सद्बुद्धीवर शहराचं आरोग्य चालत नाही. म्हणून कायदे करावे लागले.

गिरणीतल्या दोन गोष्टी मला आजच्या विषयासाठी फार मोलाच्या वाटतात. पहिली साचेखात्यातली, म्हणजे विणाईच्या खात्यातली. जुन्या मागाच्या धोट्यात नवी कांडी घातली की धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे. पाळीत अनेकदा, आणि तोच धोटा एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी. क्षयाच्या काळात याहून भयंकर रीत शोधून सापडणार नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ती १९११ मध्येच कायद्याने बंद झाली. मुंबईत या रीतीची चर्चा झाली ती वेगळ्याच कारणाने. धागा तोंडाने ओढायचा, म्हणून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात, म्हणजे चांगल्या पगाराच्या खात्यात, घेत नव्हते. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर लावून धरला. थुंकीतून रोग जातो याची भीती नव्हती, विटाळाची होती. कामगाराच्या शरीराचा विचार कोण कुठल्या कारणासाठी करतो हे यातून कळतं. त्याच साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला आंबेडकरांनी पाठिंबा दिला. १९२९ चा मुंबईचा मातृत्व लाभ कायदा हा देशातला त्या विषयावरचा पहिला कायदा.

दुसरी गोष्ट कापसाच्या धुळीची. पिंजणीच्या खात्यात हवेत तरंगणारी ती बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन बिसिनोसिस नावाचा रोग होतो. त्याची सुरुवात चमत्कारिक असते. सुट्टीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो. पुढच्या दिवसांत बरं वाटतं. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये त्याला सोमवारचा ताप म्हणत. पुढे सगळेच दिवस सोमवार होतात. आता असं समजा की एखाद्या डॉक्टरने गिरणीत जाऊन पिंजणीवरच्या सगळ्या माणसांची छाती तपासली. त्याला काय दिसेल? बऱ्यापैकी ठीक माणसं. कारण ज्यांचा दम गेला ते खाते बदलून गेले, बदलीवर गेले, नाहीतर रत्नागिरीला, साताऱ्याला गावी जाऊन अंगणात खोकत बसले. उरले ते टिकणारे. आमच्या शास्त्रात याला ‘निरोगी कामगाराचा परिणाम’ म्हणतात. ही पुन्हा कंडक्टरची पँटच, फक्त उलट्या बाजूने. तिथे निरोगी माणूस आत शिरतो म्हणून आकडे चांगले दिसतात, इथे आजारी माणूस बाहेर पडतो म्हणून.

आजचे बाहेर पडलेले कोण? चकचकीत आयटी इमारतीतलं स्टेप चॅलेंज घ्या. दहा हजार पावलांसाठी लोक जेवणानंतर लॉबीत येरझाऱ्या घालतात. त्याच लॉबीत पहाटेपासून पोछा मारणाऱ्या मावशी असतात. त्यांची पावलं मोजली तर पहिलं बक्षीस त्यांनाच जाईल. पण त्या कंत्राटदाराच्या, त्यामुळे ॲपवर त्यांचं नाव नाही, तपासणीच्या यादीतही नाही. दारावरचा सुरक्षारक्षक बारा तास उभा. १९४८ च्या कारखाना कायद्याने उभ्याने काम करणाऱ्या कारखान्यातल्या कामगारासाठी बसण्याची सोय सांगितली, पण दुकानं त्यात येत नव्हती. केरळमध्ये कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायका त्यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा २०१८ साली तिथल्या दुकान कायद्यात बसण्याचा हक्क आला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. एक स्टूल मिळायला सत्तर वर्षं.

आणि बीडचं तर आपल्याला ठाऊकच आहे. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, दिवस भरला नाही तर खाडा आणि वर दंड. फडात ना पाणी, ना आडोसा. पाळीची दुखणी असह्य झाली की खासगी डॉक्टर सांगणार, पिशवी काढून टाका. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजल्यावर सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कुठल्याही कंपनीच्या वेलनेस अहवालात हा आकडा येणार नाही, कारण साखर कारखान्याच्या दफ्तरी या बायका कामगारच नसतात. तिथे जनजागृती शिबिर घेऊन काय सांगणार? स्वच्छता पाळा?

थोडं कचेरीकडे वळू, नाहीतर तुम्ही म्हणाल डॉक्टर शेडमधून बाहेरच येत नाहीत. लंडनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ पासून चालला. मायकेल मार्मट यांच्या नावाने तो ओळखला जातो. सगळे कचेरीत काम करणारे, सगळ्यांना कायम नोकरी, औषधोपचार फुकट. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं जमेला धरलं तरी अर्ध्याहून अधिक फरक उरतोच. पुढच्या अभ्यासात एक धागा हाती आला : आपलं काम कसं आणि कधी करायचं यावर माणसाचा स्वतःचा ताबा किती. साहेबावर कामाचा बोजा असतो हे खरं, पण बैठक कधी ठेवायची हे तो ठरवतो. कारकुनाने फक्त हजर राहायचं.

तासांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र हिशोब मांडला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांत ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के जास्त. २०१६ या एका वर्षात अशा लांब तासांपायी जगभरात अंदाजे ७ लाख ४५ हजार माणसं गेली. २०२४ मध्ये पुण्यात नोकरीला लागून काही महिनेच झालेली एक तरुण सनदी लेखापाल मुलगी गेली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. नेमक्या वैद्यकीय कारणाबद्दल मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. मी एवढंच पाहिलं की त्यानंतर अनेक कंपन्यांनी तातडीने जे काही केलं ते म्हणजे ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, तेही संध्याकाळी सात वाजता. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारापर्यंत न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत असं सांगितलं गेलं, पण ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर न्यायलाही मंजुरी मिळाली. चाकणला काम करून आळंदीला किंवा तळेगावला परतणाऱ्याच्या बारा तासांत जाण्यायेण्याचे दोन-तीन तास मिळवा आणि मग त्याला सांगा, आठ तास झोप.

याउलट एक मुंबईचंच उदाहरण. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली. आखणी केली होती एका कॉन्स्टेबलने. आहे त्याच मनुष्यबळात पाळ्या कशा बसवायच्या याचं कोष्टक करून त्याने ते वरिष्ठांना दिलं आणि तत्कालीन पोलीस आयुक्तांनी ते उचलून धरलं. पुढे शहरातल्या इतर ठाण्यांत ही पद्धत गेली. नंतर कधी चालू, कधी बंद अशी तिची गत झाली ती वेगळी गोष्ट. कामाची रचना बदलता येते, आणि ती कशी बदलायची हे ते काम करणाऱ्याला बऱ्याचदा डॉक्टरपेक्षा चांगलं कळतं, एवढं त्यातून दिसलं.

आता थोडं माझ्या जातभाईंबद्दल. कंपनीचा डॉक्टर दोन दगडांवर पाय ठेवून उभा असतो. पगार मालकाचा, रुग्ण कामगार. वार्षिक तपासणीचा दिवस आला की कायम कामगार आठवडाभर गोड सोडायचे, म्हणजे साखर कमी दिसावी. कंत्राटी पोरं तर मित्राच्या लघवीची बाटली पुढे करायची. त्यात हसण्यासारखं काही नाही. माझ्या एका ‘अनफिट’ शेऱ्याने त्याचा गेटपास दुसऱ्या दिवशी बंद व्हायचा. आजार लपवण्यात ज्याचा फायदा आहे अशा माणसाची तपासणी करून काय सापडणार? निरोगीपणाबद्दल बक्षीस देणाऱ्या कंपन्या, विम्याच्या हप्त्यात सवलत देणाऱ्या कंपन्या हीच लपवाछपवी सुटाबुटात आणतात. तिथे साखर लपत नसेल कदाचित, पण झोपेच्या गोळ्या आणि नैराश्य नक्की लपतं. कंपनीने दिलेल्या हेल्पलाइनवर फोन करताना माणूस पहिला प्रश्न मनात हाच विचारतो, हे एचआरला कळेल का?

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, कारखाना कायद्यात काही चांगली कलमं आली. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यात कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी ठेवायच्या आणि त्या त्याला पाहायला मिळाल्या पाहिजेत. सुरक्षा समितीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान. माझ्या नोकरीच्या काळात स्वतःची नोंद मागायला आलेले कामगार विरळाच. हा हक्क आहे हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आता तो कायदा श्रमसंहितेत विलीन झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्यात चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षाला एकदा मोफत तपासणी मालकाने करायची आहे. ही तरतूद चांगली आहे. मी तिच्याकडे कारखान्याच्या डॉक्टरच्या नजरेने बघतो, तेव्हा एक अडचण दिसते.

फाउंड्रीतल्या शेक-आउटवर, जिथे साच्यातली वाळू झाडून कास्टिंग बाहेर काढतात, तिथे सिलिकाची धूळ असते. ती छातीत जखमा करायला बहुधा दहा-वीस वर्षं घेते. पूर्वी माणूस एका कंपनीत चिकटायचा, त्याचे छातीचे फोटो एका कपाटात ओळीने लागायचे आणि पंधराव्या वर्षीचा फोटो पहिल्याशी ताडून बघता यायचा. आज शेक-आउटवर कायम कामगार जवळपास नसतोच. कंत्राटी पोरगा सहा महिने इथे, वर्षभर तिथे, मग दुसऱ्या कंत्राटदाराकडे दुसऱ्या गावी. दर गेटवर त्याची नोंद कोऱ्या पानावर सुरू होते. चाळिशीला तो ज्या गेटवर असेल तिथला डॉक्टर डाग बघेल आणि म्हणेल, हे आमच्याकडचं नाही. त्याचं म्हणणं खोटंही नसेल. आणि त्या गेटपर्यंत न पोचलेला, गावी परतलेला माणूस कुठल्याच यादीत नसेल.

उपाय अवघड नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, प्रत्येक विमाधारकाला एक क्रमांक मिळतो आणि नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. पगार महिना २१ हजारांवर गेला की माणूस योजनेबाहेर पडतो हे तिचं दुखणं आहे, पण शेक-आउटवरचा कंत्राटी पोरगा बहुधा आतच असतो. त्या क्रमांकाला छातीचा फोटो, कानाची तपासणी आणि तो कुठल्या खात्यात किती महिने होता याची नोंद जोडा. कामगाराला त्याची मराठीतली प्रत द्या, मालकाला फक्त ‘या कामाला योग्य’ किंवा ‘दुसरं काम द्या’ एवढंच कळवा, आणि दरवर्षी खात्यांनुसार बेरीज सुरक्षा समितीपुढे ठेवा. त्या बेरजेत कंत्राटी माणसं, सोडून गेलेली माणसं आणि कामावरून काढलेली माणसं वेगळ्या रकान्यांत दाखवा. या सभागृहात कारखानदार आहेत, कामगार संघटनांचे लोक आहेत, एचआरमध्ये काम करणाऱ्या मुलीही दिसत आहेत. तुमच्या पुढच्या वेलनेस बैठकीत हे तीन रकाने मागा.